राज्यघटना आणि तिचा इतिहास शिकवायचाय? या चुका टाळा

पहिली गफलत पदवी निवडतानाच होते. इतिहासात एम.ए., मग एलएल.बी., मग इतिहासातच पीएच.डी.; आणि जाहिरात निघाल्यावर कळतं, विधी विषयाच्या पदाला एलएल.एम. लागतं. सहायक प्राध्यापकासाठी त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी (खुल्या प्रवर्गाला किमान ५५ टक्के) आणि नेट, सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. मागतात. पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ला इतिहास असतो, तिथे एम.ए. चालतं. घटनेचा पेपर मात्र सहसा विधीवाल्यांकडे जातो. तेव्हा कुठल्या दारानं आत जायचं, हे आधी ठरवा.

संशोधन सुरू झालं की सगळ्यात जास्त घोळ संविधान सभेच्या चर्चांत होतो. अनेकजण आजचा कलम क्रमांक घेऊन त्या चर्चांचे छापील खंड उघडतात आणि भलतंच वाचत बसतात. चर्चा मसुद्यावर झाली होती, आणि मसुद्यातले क्रमांक वेगळे होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी ज्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं, ते मसुद्यातलं कलम २५, आजचं ३२. मसुद्यातलं ३२ वेगळंच, कामाच्या हक्काचं, जे आज ४१ आहे. घटनादुरुस्तीचं ३६८ तिथे ३०४ म्हणून भेटतं. आधी दोन्ही क्रमांकांचा तक्ता करून भिंतीवर लावा, मग वाचायला बसा.

क्रमांक जुळला तरी एका सभासदाचं भाषण म्हणजे सभेचा निर्णय नव्हे. १५ नोव्हेंबर १९४८ला के. टी. शहांनी पहिल्या कलमात ‘सेक्युलर, फेडरल, सोशालिस्ट’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. एवढंच उचलून ‘सभेला समाजवाद नको होता’ असा निष्कर्ष प्रबंधांत सर्रास दिसतो. आंबेडकरांचं उत्तर पूर्ण वाचा: समाजाची आर्थिक घडी पुढच्या पिढ्यांनी ठरवावी, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत, आणि तो आशय मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. मतदानासोबत कारणही नोंदवलं नाही, तर इतिहास खोटा होतो. हे मला फार लागतं, कारण उद्या तोच प्रबंध वाचून कुणीतरी वर्गात शिकवणार असतं.

निकालपत्रांबाबतही तसंच. मूलभूत संरचनेचा (घटनेचा गाभा संसदेला दुरुस्ती करूनही मोडता येत नाही, या तत्त्वाचा) धडा २४ एप्रिल १९७३च्या केशवानंद भारती निकालापासून सुरू करणारे पुष्कळ आहेत. १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, एवढं पाठ असतं. पण जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्राध्यापक डिटर कॉनराड यांनी १९६५मध्येच बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात का, यावर व्याख्यान दिलं होतं. हिटलरच्या काळात वायमार संविधानाचं, म्हणजे जर्मनीच्या त्याआधीच्या लोकशाही घटनेचं, काय झालं, हे त्यांच्या देशानं भोगलं होतं. तो युक्तिवाद वकील एम. के. नंब्यार यांनी १९६७च्या गोलकनाथ खटल्यात कोर्टापुढे नेला, आणि १९७३मध्ये न्या. खन्नांनी कॉनराड यांचा हवाला दिला. हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या सुरुवातीच्या सारांशावर, थांबणाऱ्याला हा धागा कधीच सापडत नाही.

शेवटची चूक म्हणजे फक्त पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिणं. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांत दहा लेख टाकण्यापेक्षा एक नीट निबंध लिहा, आणि लोकांच्या प्रश्नावर लिहायला कचरू नका. मथुरा प्रकरण, म्हणजे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार, आपल्याच तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. त्यात पोलिसांना निर्दोष सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.