बेसमेंटमध्ये टीव्हीची टर उडवायची तर

टीव्हीवरच्या मालिका, बातम्या, जाहिराती यांच्या नकलांचे व्हिडिओ बनवून घराच्या बेसमेंटमध्ये पाहुण्यांना त्यांचा खेळ दाखवायचा, तर काय लागतं? खुर्च्या, समोसे, चहा हे सांगत बसत नाही. टीव्ही संच मात्र जुने, काचेच्या नळीवालेच हवेत, यावर वाद नको. 1967 मध्ये केन शपिरो, चेव्ही चेस वगैरे विनोदी मंडळींनी न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये टीव्हीच्या नकलांचं ‘चॅनल वन’ थाटलं. लोक नाटकाला आल्यासारखे येऊन बसायचे आणि नटांऐवजी समोर टीव्ही! गंमत तिथेच होती. प्रोजेक्टर लावलात की त्याचा सिनेमा होतो आणि सासूच्या चेहऱ्यावरचा तिसरा झूम फुकट जातो.

संच फुकट मिळतात, पण 27 इंची उचलायला दोघं लागतात, जिन्याला वळण असेल तर तिघं. नंतर कचऱ्यात टाकून मोकळं होता येत नाही, इथे न्यू जर्सीत 2011 पासून मनाई आहे.

आता मुख्य. लॅपटॉप आणि संच यांच्यामध्ये कन्व्हर्टर लागतो. ‘एचडीएमआय ते एव्ही’ (लॅपटॉपच्या वायरीतून जुन्या संचाच्या वायरीत) असाच मागवा, उलट दिशेचाही हुबेहूब तसाच दिसतो. त्याला वीज वेगळी लागते. आणि कडेला नखाने सरकवायचा बारीक स्विच असतो, पाल आणि एनटीएससी, म्हणजे टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती, पहिली भारतातली, दुसरी अमेरिकेतली. तो एनटीएससीवर हवा. पालवर राहिला तर 625 रेघा, सेकंदाला 25 चित्रं निघतात, इथल्या संचाला हव्यात 525 आणि 30. मग चित्र काळंपांढरं होऊन सरकत राहतं. मागच्या खेळात हे बघायचं राहिलं. सुरुवातीला लोक विनोद समजून हसले, मग हसायचे थांबले.

एडिटिंग 4:3 मध्ये, म्हणजे जुन्या संचाच्या चौकोनी आकारात करा. खालची बातम्यांची पट्टी जरा वर घ्या, कारण जुना संच कडा खातो आणि वृत्तवाहिनीच्या नकलेतले निम्मे विनोद त्या पट्टीतच असतात. एकाच वायरला फाटे फोडून चार संच चालवू नका, चित्र अंधूक पडतं. सिग्नल वाटणारा वेगळा खोका मिळतो, तो घ्या. प्रत्येक संचावर रंग तपासा. रंग नसला तर संचाला शिव्या घालण्याआधी स्विच बघा. कन्व्हर्टर बदललात? पुन्हा स्विच.

आवाज एकाच स्पीकरवर. खोट्या जाहिराती छोट्या ठेवा. फ्यूज बॉक्स कुठे आहे ते घरमालकाला विचारा. पोरं वरच्या मजल्यावर. दार उघडण्याआधी स्विच, टॉर्च घेऊन. आणि संच परत वर चढवायला माणसं आधीच पकडून ठेवा, जेवणं झाली की कोणी सापडत नाही.