‘ना’ म्हणजे ‘आहे’: दावाओला नव्याने येणाऱ्यांसाठी

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की माझ्या फोनवर लातूर, नांदेड, नगरकडून मेसेज यायला लागतात. ‘ताई, कुकर आणू का?’ ‘ताई, तिकडं पोहे मिळतात का?’ कुकर आणा. पोहे पहिल्या दोन महिन्यांपुरते आणा, पुढचं पुढे बघू. पण सामानाच्या यादीत जी गोष्ट कुणीच विचारत नाही तिच्यावरूनच इथं पहिल्या महिन्यात सगळ्यांची फजिती होते, म्हणून हे लिहायला बसले. मी 2009 साली फिलिपिन्समध्ये आले ती शिकायला. तीन वर्षं बाकावर काढली, मग त्याच शहरात फळ्यापुढे उभी राहिले. त्यामुळे विद्यार्थ्याची फजिती आणि मास्तरणीची फजिती, दोन्ही मला पाठ आहेत.

आधी भाषा. येण्याआधी मोबाइलवर टागालोग शिकून येता, कौतुक आहे. पण दावाओ हे मिंदानाओ बेटावरचं शहर, आणि इथं घराघरात चालते ती बिसाया. टागालोग सगळ्यांना कळते, इंग्रजीही चालते, पण गप्पा, भाव आणि टोमणे बिसायात. आणि बिसाया मराठी कानाला फार फसवते.

शिकवायला लागले तो पहिलाच आठवडा. वर्गाला विचारलं, पेन आहे ना सगळ्यांकडे? पुढच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, “ना, मॅम.” मी आपली पर्समधून पेन काढून त्याला दिली. शेजारच्याला विचारलं, तोही म्हणाला, “ना.” तिसराही “ना”. माझ्याकडची चार पेनं संपली आणि मी चिडून म्हटलं, कॉलेजात येता की जत्रेत? वर्ग गप्प. मग एका मुलीने हळूच स्वतःचं पेन वर करून दाखवलं. मग दुसरीने. मग सगळ्या वर्गाने. बिसायात ‘ना’ म्हणजे ‘आहे’. नसेल तर म्हणतात ‘वाला’. हजेरीत “पाटील?” म्हटल्यावर मागून “वाला, मॅम” आलं, तर पाटील आलेला नाही असं समजायचं, ‘कुठला वाला’ ते विचारायचं नाही.

दुसरा शब्द ‘दिली’. बाजारात बॅगेचा भाव पाडून मागितला. बाई म्हणाली, “दिली, मॅम.” मला वाटलं, सवलत दिली! पैसे ठेवले आणि निघाले. ती मागे धावत आली. ‘दिली’ म्हणजे ‘नाही’. तिसरा ‘आसा का?’ गेटवरचा गार्ड रोज सकाळी मला हेच विचारायचा. मला वाटायचं, हा रोज माझ्याकडे बघून ‘अशी का?’ म्हणतोय. केस विंचरून बघितले, ओढणी बदलून बघितली. तो बिचारा ‘कुठं निघालात?’ एवढंच विचारत होता, तेही आपल्यासारखंच, उत्तराची अपेक्षा न ठेवता. आणि कुणी ‘आते’ अशी हाक मारली तर तुम्हाला भाचा झाला असं नाही. ताईला इथं ‘आते’ म्हणतात, दादाला ‘कुया’. दुकानातल्या माझ्याहून मोठ्या बाईसुद्धा मला आते म्हणतात. शिक्षक मुलांना ‘दोंग’ आणि मुलींना ‘दाय’ म्हणतात, त्यात माया असते, राग मानू नका. टागालोगमध्ये शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, ते आपल्या ‘गुरू’वरूनच. हे कळलं तेव्हा मला उगाच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं. वर्गात मात्र मला कुणीही गुरो म्हणत नाही, सगळे ‘मॅम’.

आता चेहऱ्याची भाषा. ही कुठल्या ॲपवर शिकवत नाहीत. इथं ‘हो’ म्हणायला तोंड उघडावं लागत नाही; दोन्ही भुवया झटकन वर केल्या की झालं. मी एकाला विचारलं, गृहपाठ केला का? त्याने भुवया उडवल्या. लातुरात मास्तरांसमोर अशा भुवया उडवल्या असत्या तर डस्टर आलं असतं. मी त्याला बाहेर काढलं. तो दहा मिनिटं दाराबाहेर उभा, हातात पूर्ण केलेला गृहपाठ. दुसरं म्हणजे दिशा ओठांनी दाखवतात. माझ्या पहिल्या दिवशी, वय वर्षं 23, मी एका काकांना विचारलं, सीआर कुठे आहे? त्यांनी माझ्याकडे बघून ओठांचा चंबू केला. मी पाय आपटत निघून आले आणि दुपारपर्यंत अडवून धरलं. ते काका ओठांनी डावीकडचा दरवाजा दाखवत होते. (सीआर म्हणजे कम्फर्ट रूम, म्हणजे आपलं ते. ‘टॉयलेट’ म्हटलंत तरी कळेल. आणि आनंदाची बातमी: आत बादली आणि ‘ताबो’ असतो. ताबो म्हणजे दांड्याचं टमरेल. त्या बाबतीत हा देश आपला आहे.)

वर्गातली सगळ्यात मोठी परीक्षा पेपरात नसते, कागदात असते. शिक्षक म्हणतात, “गेट वन-फोर्थ.” म्हणजे पानाचा चौथा हिस्सा घ्या, चाचणी आहे. पाच मार्कांच्या चाचणीला चौथा हिस्सा, दहा-पंधरा मार्कांच्याला अर्धा, निबंधाला अख्खं पान. हिशेब चोख. मी पहिल्यांदा मास्तरीण म्हणून “वन-हाफ” म्हटलं आणि प्रश्नांचा पाऊस पडला. “मॅम, क्रॉसवाइज की लेंग्थवाइज?” म्हणजे पान आडवं दुमडायचं की उभं. मी म्हटलं, काहीही करा. वर्ग हादरला. ‘काहीही’ हे उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. मग: “मॅम, प्रश्न लिहून घ्यायचा की नुसतं उत्तर?” “मॅम, पाठपोट लिहायचं?” “मॅम, काळं पेन की निळं?” “मॅम, स्पेलिंग चुकलं तर चूक?” एवढ्यात आमच्याकडे अर्धी चाचणी झाली असती.

आणि मग कागदाची भीक. पन्नास मुलांच्या वर्गात पिवळा पॅड विकत घेणारं पोर एकच असतं. बाकीचे त्याच्याभोवती माशांसारखे. नवा पॅड दहा मिनिटांत निम्मा होतो. मी शिकत होते तेव्हा ते पोर मी होते. आपण मराठी माणसं, आईने सांगितलेलं, वही भरून न्यायची, कुणाकडे मागायचं नाही. पहिल्या महिन्यात माझे तीन पॅड संपले. चौथा मी शहाणपणाने दप्तराच्या तळाशी लपवला, तर शेजारणीने सगळ्या वर्गाला ओठांनी माझं दप्तर दाखवलं. मात्र त्याच वर्गाने मला तापात आठ दिवस भात आणून दिला, म्हणून त्या पॅडांचा हिशेब मी सोडून दिला आहे. तरी सांगते, पॅड दोन ठेवा, एक वाटायचा आणि एक आपला.

चाचणी झाली की शेजाऱ्याशी कागद बदलून तपासतात आणि खाली ‘करेक्टेड बाय’ लिहून सही करतात. तुमच्या सहीखाली मित्राला एक मार्क जास्त पडला तर सापडता तुम्हीच. हे माझ्यावर गुदरलेलं आहे, तपशील देत नाही.

नावांचं प्रकरण कागदोपत्री निस्तरावं लागतं, म्हणून नीट वाचा. आपलं मधलं नाव वडलांचं. इथं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. मी फॉर्मवर मधल्या रकान्यात ‘वसंत’ लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “तुमची आई लग्नाआधी मिस वसंत होती?” मी म्हटलं, नाही, वसंत माझे वडील. त्या बराच वेळ माझ्याकडे सहानुभूतीने बघत राहिल्या. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं. तसंच इथं उतरवा आणि मधल्या नावाच्या रकान्यात काय भरायचं ते खिडकीवर विचारून मगच लिहा. एकदा चुकलं की ओळखपत्रापासून गुणपत्रिकेपर्यंत चुकतं. यातूनही गंमत होतेच. इथं ‘जॉन पॉल’ अशी जोडनावं सर्रास, त्यामुळे ‘राहुल रमेश’ हेही त्यांना जोडनाव वाटतं. आमच्या एका पोराला चार वर्षं सगळं कॉलेज रमेश म्हणत होतं. बापाचं नाव इतकं नियमित कुणीच काढलं नसेल. फ आणि प यांची अदलाबदल होते, तेव्हा फडके असाल तर ‘पडके’ व्हायची तयारी ठेवा. तुम्हीही हसू नका. आमच्या विभागाच्या पन्नाशीतल्या दरारा असलेल्या बाईंना सगळे ‘मॅम बेबी’ म्हणतात, आणि टक्कल पडलेले एक प्राध्यापक ‘सर बॉय’ आहेत. मॅम बेबी समोर आल्या की मी आजही आधी जीभ चावते, मग गुड मॉर्निंग म्हणते. त्यांची स्पॅनिश वळणाची आडनावं कुठून आली असं वाटेल, तर 1849 मध्ये इथल्या स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने यादी काढून लोकांना आडनावं वाटली होती. काही गावांत म्हणे सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू व्हायची. तिथल्या मास्तरांनी हजेरी कशी घेतली असेल?

तुम्ही कुठले, असं विचारलं आणि तुम्ही मुंबई म्हणालात, तर लोक हसतील. इथं कुठल्याही भारतीयाला ‘बुंबाय’ म्हणतात. मोटारसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देणारे आपले पंजाबी बांधव इथं जुने. पाच घ्या, सहा परत करा, म्हणून त्या धंद्याचं नावच ‘फाइव्ह-सिक्स’. पोरं जेवत नसली की आया सांगतात, बुंबाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. शेजारच्या घरी मी गेले तर चार वर्षांचं पोर ताट चाटूनपुसून संपवायचं. त्याची आई मला रोज जेवणाच्या वेळेला बोलवायला लागली. वर बाजारात मोठ्या कांद्यालाही बोंबायच म्हणतात. आपल्या नाशिकच्या मुलाने यावर रागवायचं की अभिमान बाळगायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जेवणाचं थोडक्यात, कारण शाकाहारी मुलांनी इथं थोडक्यातच जेवायचं असतं. ‘नो मीट’ म्हटलं की चिकन येतं. मीट म्हणजे डुक्कर नाहीतर गाय, कोंबडी ही जणू भाजी. शुक्रवारी कॅन्टीनमध्ये ‘मोंगो’ असतं, म्हणजे चक्क मूग, वर शेवग्याचा पाला. पहिल्या शुक्रवारी ते ताट बघून माझे डोळे भरून आले होते. तिसऱ्या घासाला दाताखाली सुका मासा आला. तेव्हा ‘मांस नाही, मासा नाही, कोळंबी नाही, कोळंबीची चटणीपण नाही’ असं पूर्ण स्तोत्र म्हणायला शिका. बांकेरोहानच्या बाजारात कारली, दोडकी, भेंडी, शेवगा, चिंच सगळं मिळतं, खोलीवर शिजवा. कुणी जेवायला बसलं की तुम्हाला ‘मांगाओन ता’, या जेवायला, म्हणणारच. तो शिष्टाचार आहे. मी पहिल्या दिवशी खरोखर बसले आणि बाईंचा अर्धा डबा संपवला. लातूरकडे बोलावलं म्हणजे बसायचं असतं, मला काय माहीत? ड्युरियन मात्र एकदा खाऊन बघाच. फणसाचा वात्रट चुलतभाऊ. हॉटेलात आणि विमानात नेऊ देत नाहीत, यावरून वासाची कल्पना येईल.

बाकी किरकोळ. जीपनीत, म्हणजे इथल्या लांबट प्रवासी जीपमध्ये, पुढे बसलात तर मागच्याचे पैसे हातोहात ड्रायव्हरकडे पोचवणं हे तुमचं कर्तव्य. उतरताना ‘लुगार लांग’, म्हणजे ‘इथं थांबवा’, असं ओरडा. फोनवर ‘फॉर अ व्हाइल’ म्हणाले तर थांबा, ठेवू नका. सोमवारी सकाळी झेंडावंदन असतं, उशीर झाला तरी राष्ट्रगीत कानावर पडलं की जिथे असाल तिथे थांबा, रस्त्यावर सुद्धा. इमिग्रेशनचं कार्ड जपा, आणि वर्षाच्या पहिल्या 60 दिवसांत इमिग्रेशनकडे हजेरी लावायला विसरू नका. दंड भरताना ‘दिली’ म्हणून चालत नाही. दिवाळीत फटाके उडवू नका, या शहरात बंदी आहे. नाताळची गाणी सप्टेंबरपासून लागतील, घाबरू नका, तुमचं कॅलेंडर बरोबर आहे. 5 ऑक्टोबरला शिक्षक दिन. त्या दिवशी मुलं शिक्षकांकडून नाच करवून घेतात. दरवर्षी मी कंबरदुखीचं कारण काढते आणि दरवर्षी मॅम बेबी माझा हात धरून ओढतात.

आणि एक इथली रीत जाता जाता शिकून घ्या. गावाहून येणाऱ्याने सगळ्यांसाठी काहीतरी खाऊ आणायचा, त्याला ‘पासालुबोंग’ म्हणतात. रिकाम्या हाताने आलेल्याला कुणी काही बोलत नाही, फक्त त्याच्या बॅगेकडे बघून ओठ पुढे करतात. माझा पासालुबोंग म्हणजे अर्धा किलो येसर मसाला. बंद पाकिटात, वर नाव लिहून आणा. विमानतळावर अधिकाऱ्याने पाकीट उचलून विचारलं, आत दुसरं काही आहे का, तर कृपा करून ‘ना’ म्हणू नका.