आयोडीनचा डोस घेतलात? आता रक्ताच्या तारखा चुकवू नका

मी पंचवटीत ब्लाउज शिवते. ग्रेव्हजच्या आजारात, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालते त्यात, हाताला असं कापरं भरलं की सुईत दोरा ओवायला धाकट्या जावेला हाक मारावी लागे. थायरॉईडला आवर घालणारं औषध, कार्बिमाझोल, थांबवलं की दुखणं उलटायचं. शेवटी आयोडीनचा डोस घेतला.

थायरॉईडला जेवणातलं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन-१३१ यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही ओढून घेते. मग आतल्या आत तिच्या पेशी मरत जातात. हे काम सावकाश चालतं. दीड-दोन महिन्यांत फरक जाणवू लागतो, पुरता परिणाम दिसायला ६ महिनेही लागतात.

गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर हा डोस घ्यायचा नाही. नंतरही निदान ६ महिने दिवस राहू देऊ नका. नुकताच आयोडीनचा डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल, डोळे पुढे आले असतील, तर आधीच सांगा. कार्बिमाझोल कधी थांबवायचं तेही डॉक्टरांनाच विचारा.

डोस म्हणजे एक कॅप्सूल, पाण्याबरोबर. पुढचे काही दिवस भरपूर पाणी प्या, अंथरूण वेगळं ठेवा, संडासात दोनदा फ्लश करा. लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा. किती दिवस, ते डोसवर ठरतं, लिहूनच घ्या. माझी चार वर्षांची पुतणी दारातून हात पसरायची. शेवटी जाऊ तिला घेऊन सिन्नरला माहेरी गेली. सगळ्यात जड मला तेच गेलं.

पहिल्या काही आठवड्यांत गळा दुखू शकतो, धडधड वाढू शकते, कारण मरणाऱ्या पेशींतला हार्मोनचा साठा रक्तात उतरतो. धडधड थांबेना तर लगेच दाखवा.

पुढे रक्त तपासणं आलं. माझी पहिल्यांदा नुसती टीएसएच केली, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची तपासणी; थायरॉईड जास्त चालत असली की ती कमी येते. ती कमी आली, म्हणून डोस लागू पडला नाही असं सांगितलं गेलं. इकडे मला मशीनवर बसल्याबसल्या झोप यायची, बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. दुसरीकडे फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉईडचं हार्मोन, तपासली, ती खूप खाली गेलेली. डोसनंतर टीएसएच महिनोनमहिने दबलेली राहू शकते. म्हणून दर ४ ते ६ आठवड्यांनी फ्री टी-४ सोबत करायला सांगा.

थायरॉईड मंद होणं हे बहुतेकांच्या बाबतीत ठरलेलंच असतं. मग ती कमतरता भरून काढणारी थायरॉक्सिनची गोळी जन्मभर. मी ती पहाटे उपाशीपोटी घेते, चहा तासाभरानं. तोवर दोन-चार सुयांत दोरे ओवून ठेवते.