गावातल्या फुटबॉलच्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) परदेशात खेळायचं असेल तर

सगळ्यात आधी जन्मतारीख तपासा. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली पोरं विदर्भात गावोगाव आहेत. शाळेत १ जून, ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरीच तारीख आणि आधारवर तिसरी, असं असलं की पासपोर्ट अडतो आणि फुटबॉलची नोंदणीही. ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला काढा आणि त्याप्रमाणे आधार व शाळेची नोंद दुरुस्त करा. हे काम दहावीच्या फॉर्मआधी उरका, बोर्डाच्या सर्टिफिकेटवर चूक गेली की फार हेलपाटे पडतात. वय चोरू तर नकाच, मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात. दहावी पास व्हाच. नाहीतर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी) असा शिक्का लागतो आणि आखातात किंवा मलेशियात पगारावर जाताना सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. फिफाच्या नियमाने १८ वर्षांच्या आतल्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर. म्हणून "पोराला युरोपच्या क्लबात साइन करून देतो, दोन लाख भरा" असं पंधरा वर्षांच्या पोराच्या बापाला सांगणारा माणूस फसवतो आहे. त्याच्यापायी वावर गहाण ठेवू नका.

आता खेळ. मुरमाड मैदानावर चेंडू टप्प्यानंतर छातीपर्यंत उसळतो. त्यामुळे आपला बॅक, म्हणजे बचावपटू, दोन पावलं मागे सरतो, टप्पा पडू देतो आणि मग निवांत हेडर मारतो. ओल्या, बारीक कापलेल्या गवतावर तोच चेंडू उसळत नाही, सटकतो. मागे सरलेल्या बॅकच्या बाजूने फॉरवर्ड निघून जातो आणि बॅक वळेपर्यंत गोल झालेला असतो. ही सवय मोडायची तर जोडीदाराला ४० मीटरवरून उंच चेंडू मारायला लावा आणि प्रत्येक चेंडू टप्पा पडण्याआधी गाठा. पायाने मारायचे २० पुरे. त्यात निम्मे डाव्या पायाने, कारण फॉरवर्ड तुमचा कच्चा पाय पाच मिनिटांत ओळखतो. हेडर आठ-दहाच्या वर नको. हिवाळ्यात पहाटे दव पडलेलं गवत मिळालं तर पासिंग तिथेच करा, चेंडूचा खरा वेग तिथे कळतो. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी सातच्या आत संपवा.

बूट दोन जोड ठेवा. मुरमावर आखूड रबरी स्टड, ओल्या गवतासाठी लांब स्टड. लांब स्टड घालून मुरमावर खेळलं की घोटा आणि गुडघा दुखावतो. नवा जोड ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, टाचेला फोड येतो.

शरीराचं मनावर घ्या. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला तेव्हा भारताचा पहिल्या पसंतीचा सेंटर बॅक होता. दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता तो २०२२ च्या सुरुवातीला परतला. फिफा इलेव्हन प्लस हा २० मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा करा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि मांडीमागच्या स्नायूचा नॉर्डिक व्यायाम त्यातच आहे.

व्हिडिओ बॅकचा वेगळा लागतो. पाच मिनिटांची क्लिप करा: समोरासमोरची झुंज, हेडर, धावून केलेलं कव्हर, लांब पास. सोबत दोन अख्खे सामने, न कापलेले. चेंडू लांब असताना तुम्ही कुठे उभे आहात हे क्लिपमध्ये दिसत नाही, आणि बॅकची पारख तिथेच होते. मध्यरेषेसमोर ट्रॅक्टरची ट्रॉली लावा, वर स्टूल ठेवा, मोबाइल आडवा धरा आणि झूम करू नका. चारही बॅक एका फ्रेममध्ये यायला हवेत.

एजंटचं नाव फिफाच्या साइटवर लायसन्सच्या यादीत शोधा. क्लब बदलाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र एक फेडरेशन दुसऱ्याला फुकट देते, त्याचे पैसे मागणाऱ्याला नकार द्या. "मेडिकल पास झालं तर" किंवा "वर्क परमिट मिळालं तर" करार लागू, अशी अट फिफाच्या नियमात बसत नाही. त्या दोन्ही गोष्टी सहीआधी उरकायच्या. परमिटवरूनच २००९ मध्ये सुनील छेत्रीचं इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबात जाणं हुकलं होतं. व्हिजिट व्हिसावर पगारी खेळायला जाऊ नका. पगार बँकेतच घ्या. दोन महिन्यांचा थकला तर लेखी नोटीस द्या, १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर करार सोडता येतो.

तालुक्याच्या क्लबनेही पोराची नोंदणी बाराव्या वर्षापासून दरवर्षी नीट ठेवावी. पुढे करार चालू असताना त्याची परदेशी क्लबला विक्री झाली, तर त्या रकमेतले ५ टक्के १२ ते २३ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंद नसेल तर तो वाटा मागता येत नाही.