सकर घेताय? आधी पाठीचा पर मोजा, मग पोट बघा

दुकानात ‘सकर’ मागितला की काचेला चिकटलेला दोन इंची काळपट मासा पिशवीत येतो. स्वस्त असतो, काच साफ ठेवेल म्हणून आपण घेतो. पण या एकाच नावाखाली वेगवेगळे मासे विकले जातात. त्यातला एक 12-13 सेंटिमीटरवर थांबतो, दुसरा 40 च्या पुढे जातो. दोन फुटी टाकीत हा फरक माशाच्या जिवावर बेततो. म्हणून सोसायटीतली मुलं मला विचारायला येतात तेव्हा मी दोनच फोटो मागते: पाठीचा पर पूर्ण उघडलेला असतानाचा एक, आणि काचेला चिकटलेला असताना पोटाचा एक.

परापासून सुरुवात करा. एरवी तो मिटलेला असतो. खाण्यावरून दुसऱ्याला हुसकावताना मासा तो ताठ उभा करतो, तोच क्षण पकडायचा. टाकीत काकडीची चकती टाकून मोबाइल तयार ठेवा. फोटो मोठा करून पुढचा जाड काटा सोडा आणि त्यामागच्या काड्या मोजा. शेवटची काडी बुडापासून दुभंगलेली दिसली तर ती एकच धरायची. 7 च्या आसपास आल्या तर तो हायपोस्टोमस किंवा छोटाच राहणारा ब्रिसलनोज. 10 किंवा जास्त आल्या तर टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे मोठा होणारा. नेटवर दुकानातल्या या नेहमीच्या ‘कॉमन सकर’ला सर्रास ‘हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस’ म्हटलेलं आढळेल, पण दुकानांत मला दिसतो तो जवळपास नेहमी टेरिगोप्लिक्थिसच असतो. नावावर जाऊ नका, काड्या मोजा.

आता पोट, टेरिगोप्लिक्थिसच्या दोन जाती ओळखायला. रात्री दिवा बंद करून टॉर्च तिरका धरला की नक्षी स्वच्छ दिसते. फिकट पोटावर सुटे सुटे काळे ठिपके असतील तर पार्डालिस. ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. काहींच्या पोटावर दोन्ही असतं, अर्धे ठिपके आणि अर्ध्या रेघा. अशा माशाला ओढूनताणून एका नावात बसवू नका. या दोन जातींच्या मधली नक्षी असलेले मासे आशियात ठिकठिकाणी आढळले आहेत. तसंही टाकी किती मोठी लागेल, याचं उत्तर दोघांसाठी सारखंच आहे.

खरा घोळ होतो तो लहान ब्रिसलनोजच्या बाबतीत. ‘मिशा नाहीत, म्हणजे ब्रिसलनोज नाही’ हे मी फार ऐकते. नराच्या तोंडावरच्या फांद्यांसारख्या मिशा साधारण 6-7 सेंटिमीटरनंतर नीट दिसू लागतात. मादीला आयुष्यभर मिशा नसतात, असल्याच तर ओठावरच्या काठाला आखूड. त्याऐवजी तोंडाचा पुढचा काठ भिंगातून बघा. ब्रिसलनोजचा हा काठ उघडा, मऊ कातडीचा असतो. कॉमन सकरच्या बाजूच्या काठापर्यंत खरखरीत कवच येतं. ब्रिसलनोजच्या गालाच्या मागे आकड्यांसारख्या काट्यांचा झुपकाही असतो, चिडला की तो बाहेर काढतो. छोट्या टाकीसाठी सकर हवाच असेल तर माझं मत ठाम आहे: हाच घ्या, आणि त्याच्यासाठी टाकीत लाकडाचा ओंडका ठेवा.

दुकानातला पिवळाधमक ‘गोल्डन सकर’ बहुतेकदा या घराण्यातलाच नसतो. तो आग्नेय आशियातला जायरिनोकायलस. अंगावर कवच नाही, साधे खवले. मोठा झाला की इतरांच्या मागे लागतो.

काड्या 10 किंवा जास्त निघाल्या आणि घरात सहा फुटी टाकीची सोय नसेल, तर मासा लहान असतानाच दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. नदीत, तलावात, गणपतीच्या हौदातसुद्धा सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनी जलाशयात पोहोचला आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. पाण्यात प्राणवायू कमी झाला तरी तो वर येऊन हवा गिळतो आणि तग धरतो. नर काठाच्या मातीत बिळं खणतो, त्यातच अंडी राखतो.

परत न्यायला पकडताना जाळी वापरू नका, छातीच्या परांचे काटे तिच्यात अडकतात आणि सोडवताना पर फाटतो. प्लॅस्टिकचा रुंद डबा टाकीत आडवा बुडवा आणि माशाला हळूच आत हाकला.