सातबाऱ्यावर नाव आहे, पण कुठल्या रकान्यात?

नवऱ्याच्या पश्चात वारसनोंद झाली की सातबारा हातात घेऊन आधी एकच गोष्ट बघा: आपलं नाव भोगवटादाराच्या (जमीनधारकाच्या) रकान्यात आहे की 'इतर हक्क' मध्ये? अनेक गावांत मुलांची नावं भोगवटादार म्हणून लागतात आणि आई-बहिणींची इतर हक्कात सरकवली जातात. मग पीककर्ज, पीकविमा, पीएम-किसान सगळीकडे अडतं. जुन्या 'ए.कु.क.' (एकत्र कुटुंब कर्ता) नोंदींचंही तसंच, एका भावाच्या नावामागे बाकीचे वारस दडून राहतात. हिंदू वारसा कायद्यानुसार नवऱ्याच्या हिश्श्यात विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांचा वाटा सारखा असतो.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरूनही चालतो. मुद्रांक शुल्क लागत नाही. पोच मात्र घ्याच. फेरफार (नाव बदलाची नोंद) मंजूर होण्याआधी सगळ्या हितसंबंधितांना नोटीस येते. हरकतीला पंधरा दिवस असतात. ती नोटीस घरातल्या पुरुषाने परस्पर सही करून घेतली, असं फार वेळा होतं. म्हणून फेरफार क्रमांक विचारत राहा. चुकीचा मंजूर झालाच, तर प्रांताधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येतं.

दिवसकार्याच्या गडबडीत कोणी कागद पुढे केला, तर वाचून घेतल्याशिवाय सही नको. तो हक्कसोडपत्र असू शकतो, आणि एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला की तो रद्द करायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

नवरा हयात असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत त्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.