डीआयचे (तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांचे) गुण जातात कुठे? या चुका टाळा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची गाडी काट्यावर लागली की शेतकऱ्याच्या पोराला सहसा कुणी फसवू शकत नाही. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलीपायी कापलेले किलो, क्विंटलचा भाव. चुकारा किती यायला पाहिजे, हे तो कागद न घेता सांगतो. तोच पोरगा संध्याकाळी अभ्यासिकेत येतो आणि स्पर्धा परीक्षेतल्या डीआयच्या, म्हणजे डेटा इंटरप्रिटेशनच्या, पाचांपैकी तीन प्रश्न चुकवतो. टक्केवारी तीच, भागाकार तोच. फरक इतकाच की काट्यावर प्रत्येक आकडा कशाचा आहे हे तो आधी पाहतो आणि तक्ता दिसला की थेट आकडेमोडीला बसतो. पोरापोरींच्या सराव पेपरांतल्या चुका मी काही वर्षं तपासतोय. बहुतेक चुका पहिला भागाकार करण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

कायचे टक्के?

समजा, एका गावात कापसाचा पेरा २०२२ मध्ये ४०० एकर होता, २०२३ मध्ये ५०० एकर झाला. वाढ २५ टक्के, हे सगळ्यांना येतं. मग प्रश्न फिरवून येतो: २०२२ चा पेरा २०२३ पेक्षा किती टक्क्यांनी कमी होता?

"हे तं पंचवीसच झालं न, दादा?"

नाही. आता तुलना ५०० शी आहे. १०० भागिले ५००, म्हणजे २० टक्के. पर्यायांत २५ हमखास ठेवलेला असतो, म्हणून आपण चुकलो हेही कळत नाही. प्रश्नातला 'पेक्षा' किंवा 'च्या तुलनेत' ज्याला लागलाय, तो आकडा छेदात जातो. त्या शब्दाखाली रेघ ओढा आणि स्वतःला विचारा, कायचे टक्के?

याच घरातली दुसरी चूक: सोयाबीनचा वाटा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला, तर वाढ किती? वाटा १० टक्केबिंदूंनी वाढला, पण मूळ वाट्याच्या तुलनेत ती वाढ ५० टक्के आहे. दोन्ही उत्तरं पर्यायांत असू शकतात, म्हणून प्रश्नाची भाषा नीट वाचा.

दोन वर्तुळं, दोन वेगळ्या बेरजा

दोन वृत्तालेख (पाय चार्ट) शेजारी दिसले की डोळा फसतो. पहिल्या गावात एकूण पेरा ६०० एकर, त्यात कापूस ५० टक्के. दुसऱ्यात एकूण ९०० एकर, कापूस ४० टक्के. कापूस जास्त कुठे? तुकडा पहिल्या वर्तुळात मोठा, पण ३०० एकर विरुद्ध ३६० एकर, म्हणून दुसरं गाव पुढे. दोन्ही मिळून कापसाचा वाटा विचारला तर ४५ लिहू नका. ६६० भागिले १५००, म्हणजे ४४ टक्के.

सरासऱ्यांची सरासरी काढण्याची ही सवय फार महाग पडते, म्हणून एक खरं उदाहरण देतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या सुमारे १०.७३ लाख, क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, घनता ७४. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४६.५४ लाख, क्षेत्रफळ ९,८९२, घनता ४७०. दोन्ही जिल्ह्यांची मिळून घनता? ७४ आणि ४७० चा मध्य २७२ येतो. पण एकूण लोकसंख्येला एकूण क्षेत्रफळाने भागलं तर सुमारे २३६ मिळते. विरळ वस्तीचा गडचिरोली आकाराने मोठा आहे, तो सरासरीला आपल्याकडे ओढतो.

गाठ म्हणजे क्विंटल नव्हे

तक्त्याचं शीर्षक, एकक आणि खालची बारीक टीप वगळून आकड्यांवर उडी मारणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. कापसाचंच बघा. सरकारी आकडेवारीत उत्पादन गाठींत येतं आणि एक गाठ म्हणजे १७० किलो रुई. आपण विकतो तो सरकीसकट कापूस. त्यातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. एका रकान्यात हेक्टर आणि प्रश्नात एकर असेल, तर २.४७ ने गुणल्याशिवाय पुढे सरकू नका.

ही चूक वाढायला मोबाइलही कारणीभूत आहे. आपली पोरं पीडीएफ फोनवर मोठी करून सोडवतात. आकडे मोठे दिसतात, पण 'हजार टनांत' लिहिलेलं शीर्षक पडद्याबाहेर जातं. तक्ता आधी वहीत उतरवा, शीर्षकासकट. दोन मिनिटं जातात, पण डोळ्याला सवय लागते.

रेषालेखात उभा अक्ष शून्यापासूनच सुरू होतो असं धरू नका. तो ४० पासून सुरू झाला तर ४४ वरून ४८ वर गेलेली रेघ दुप्पट उंच दिसते. खरी वाढ जेमतेम ९ टक्के. आणि रेघ वाढीच्या दराची असेल तर आणखी सावध राहा. दर २०, १०, ५ असा उतरला तरी उत्पादन १००० वरून १२००, १३२०, १३८६ असं चढतच जातं.

सगळंच मोजत बसणं

बँक भरतीच्या आयबीपीएस लिपिक पूर्वपरीक्षेत गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं मिळतात. तिथे दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत भागाकार करायला वेळ नसतो. आधी पर्याय बघा. ते लांब-लांब असतील तर अंदाज पुरतो. ४७/३१२ मोठा की ६१/३९० ? छेद २५ टक्क्यांनी वाढला, अंश जवळपास ३० टक्क्यांनी. अंश जास्त वाढला, म्हणून दुसरा मोठा. पर्याय जवळजवळ असतील तेव्हाच पूर्ण आकडेमोड करा.

एमपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, ८० प्रश्न, २०० गुण. एकेका प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्शाची कपात. तो पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के लागतात. म्हणून लांबलचक तक्त्याला पहिल्याच फेरीत हात घालण्याचं कारण नाही.

चूक नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

सराव पेपर झाला की चुकलेला प्रश्न घड्याळ न लावता, उत्तर न बघता पुन्हा सोडवा. बरोबर आला तर तुमची अडचण वाचण्याची किंवा घाईची आहे. पुन्हा चुकला तर संकल्पना कच्ची आहे, मग वेग वाढवून उपयोग नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: 'छेद चुकला', 'एकक चुकलं', 'आकडेमोड चुकली'. प्रत्येक चुकीची खूण त्यांतल्या एकात करा आणि पंधरा दिवसांनी मोजा. आमच्या अभ्यासिकेत तिसरा रकाना सहसा सर्वांत रिकामा असतो.